लेस ब्राऊन, पण कोणता?

लेस ब्राऊन म्हटलं की हॉस्टेलवर सगळ्यांना तो मोटिव्हेशनल स्पीकरच आठवतो. पण अमेरिकेत याच नावाचा एक बिग बँड लीडरही होऊन गेला (१९१२-२००१). गंमत म्हणजे त्याच्या बँडचं, डॉरिस डेने गायलेलं 'सेंटिमेंटल जर्नी' गाजलं १९४५ मध्ये, आणि स्पीकर लेस जन्मला तोही त्याच वर्षी! शाळेने 'मतिमंद' ठरवलेला हा पोरगा पुढे ओहायो राज्याचा आमदार झाला, हे ग्रेटच. पण त्याची भाषणं ऐकून जो तो आपापल्या रूममध्ये एकटाच पेटतो, आणि केटी लागलेला रूममेट तसाच पडून राहतो. बँडवाल्या लेसला ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ड्रम्स सगळ्यांना धरून चालावं लागायचं. सबमिशनच्या आठवड्यात मला तरी हाच लेस हवा.