“कांहीं विचारावयाचें आहे काय ?”

व्यापार-व्यवस्थापन शिकविणाऱ्या बड्या संस्थांच्या मुलाखतीपर्यंत आतां आमच्या शेतकरी-कारागिरांचीं मुलें पोंचूं लागलीं आहेत. अहमदाबाद व कलकत्ता येथें १९६१ सालीं अशा सरकारी संस्था निघाल्या. नागपुरास २०१५ सालीं निघाली. २००६ च्या कायद्यानें केंद्राच्या शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गांस २७ टक्के जागा ठेवल्या, व २००८ सालीं सुप्रीम कोर्टानें तो कायदा उचलून धरला. दार उघडलें खरें. पण मुलाखतीच्या अखेरीस मंडळी विचारतात, “तुम्हांला कांहीं विचारावयाचें आहे काय ?” आणि आमचा मुलगा “कांहीं नाहीं, साहेब” म्हणून उठतो !

शेतकरी बंधूंनो, बैल घेतांना आपण दांत पाहतों, चार पावलें चालवून पाहतों, दलालास दहा प्रश्न विचारतों. सुतार लांकडाची गांठ पाहिल्यावांचून पैसा देत नाहीं. मग जेथें दोन वर्षांस वीस लाखांहून अधिक फी, व तीहि बहुधा बँकेच्या कर्जाची, तेथें तोंड शिवून कां बसावें ? कोणी याला नम्रता म्हणतील. आम्ही म्हणत नाहीं. साहेब-सावकारापुढें पिढ्यान् पिढ्या मान खालीं घालण्याची ही संवय आहे. आणि शाळेंतहि “गप्प बस” हाच पहिला धडा मिळतो.

विचारावें काय ? छापील माहितींत आहे तें विचारूं नये, त्यांत आळस दिसतो. “माझी निवड होईल ना ?” हेंहि नको. मराठी शाळेंतून आलेल्यास पहिल्या सहामाहींत हिशेबाच्या व इंग्रजी लेखनाच्या कामीं कोणती मदत मिळते, हें विचारावें. अहमदाबादेस शेतमालाच्या धंद्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तेथें शिकलेलीं मुलें पुढें खेड्याच्या बाजारांत काय कामें करतात, हें शेतकऱ्याच्या पोरानें नाहीं विचारावयाचें तर कोणीं?

उत्तर अर्धवट राहिलें, तर दुसरे दिवशीं प्रवेश-कचेरीस एक छोटें पत्र ई-मेलनें धाडावें. आभार दोन ओळींत, प्रश्न एक. अमेरिकेंतील हार्वर्डची संस्था तर पूर्वीं मुलाखतीनंतर २४ तासांचे आंत उमेदवाराकडून लेखी मनोगत मागून घेत असे. आपल्याकडे तशी चाल नाहीं, तेव्हां पत्रानें गुण वाढतील या भ्रमांत राहूं नये. मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकाचा फोन हुडकून त्यास गांठणें हा तर निव्वळ आगाऊपणा.

निवड झाली नाहीं, तरी “नशीब” म्हणून बसूं नये. सरकारी संस्थेकडे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपये भरून स्वतःचे गुण मागतां येतात. उत्तरास मुदत ३० दिवसांची. न आल्यास अपील करावें. परीक्षकांचीं नांवें मिळत नाहींत, व तीं हवींत कशाला ? आपण लेखींत पडलों कीं तोंडी, एवढें कळलें म्हणजे पुढील वर्षाची मेहनत वायां जात नाहीं.

खासगी कॉलेजांस हा कायदा बहुधा लागत नाहीं. म्हणून वसतिगृहाचा खर्च किती, प्रवेश सोडल्यास भरलेल्यापैकीं परत काय मिळेल, हें तेथें फी भरण्यापूर्वींच लेखी विचारावें, व उत्तरहि लेखीच घ्यावें.