गल्लीची बातमी मराठीत कोण सांगणार?

औराद तालुक्यातल्या आमच्या चिंताकीत बातमीला तोटा नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाकडं बारसं, कोणता नेता येऊन गेला, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोसकट येतं. ग्रामसभेची तारीख आणि पेन्शनला लागणारे कागद मात्र येत नाहीत. ते भिंतीवर चिकटवलेले असतात, कन्नडमध्ये. शेजारच्या मावशी त्याच भिंतीला टेकून बसतात आणि विचारतात, "काय लिवलंय रे बाबा?"

१ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा तिकडं गेलं. औराद, भालकी इकडं राहिलं. भाषिक अल्पसंख्याकांसाठी नियम आहे: जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोकांची भाषा असेल, तर महत्त्वाच्या नोटिसा त्या भाषेतही निघाल्या पाहिजेत. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीतून देता येतो. तो द्यायचाच.

पण अर्जाचं उत्तर येईस्तोवर तारीख थांबत नाही. आपण शाळेत कन्नड शिकलोय. नोटिशीचा फोटो काढून खाली चार ओळी मराठीत टाकायला किती वेळ लागतो? काहीजण म्हणतात, असं केलं तर ऑफिसवाले आयतेच सुटतील. मला नाही पटत. तारीख हुकली तर पेन्शन मावशीची अडकते, ऑफिसचं काय जातंय? उलट तारखेसकट ठेवलेले हे फोटोच उद्या अर्जाला जोडता येतील. वाढदिवसाचे बॅनर तासभर उशिरा टाकले तरी चालतंय.

आणि मावशीकडं फोन नाही. तिला घरी जाऊन सांगा.