बरीराचा नकार

२०२५ साली १४ फेब्रुवारीला शुक्रवार होता आणि आदल्या रात्री शब-ए-बरात. त्या रात्री वऱ्हाडातल्या मुस्लिम वस्त्या लवकर झोपत नाहीत. मशिदीत नफल नमाज चालते, घराघरांतून हलव्याचा वास येतो, पुरुषमंडळी कब्रस्तानात जाऊन आपल्या माणसांच्या कबरींवर गुलाबाच्या पाकळ्या घालतात, फातिहा पढतात. पहाटे सहेरी करून अनेकजण रोजा धरतात. त्या शुक्रवारी मोबाइलचा पडदा मात्र व्हॅलेंटाइन डेच्या लाल बदामांनी आणि गुलाबांनी भरलेला होता. एकाच फुलाला दोन कामे लागली होती.

अकोल्याहून वाशीमकडे निघाले की तीसेक किलोमीटरवर पातूर लागते. एकीकडे रेणुकामातेची टेकडी आणि डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी, दुसरीकडे शेख बाबूंचा दर्गा. जुन्या कागदपत्रांत या गावाचे नावच ‘पातूर शेख बाबू’ असे येते. ज्या गावाने आपल्या नावात एका सुफीला जागा दिली, तिथे ‘हा सण मूळचा कुणाचा?’ हा प्रश्न सहज सुटणारा नाही. तरी दर फेब्रुवारीत तोच विचारला जातो. घरातले वडीलधारे विचारतात, शुक्रवारच्या बयानात मौलाना विचारतात आणि वेगळ्या शब्दांत हिंदू संघटनांचे कार्यकर्तेही विचारतात.

मुळाचा शोध घेतला तर हाती फार थोडे लागते. व्हॅलेंटाइन नावाचा ख्रिस्ती हुतात्मा तिसऱ्या शतकात रोममध्ये मारला गेला, असे परंपरा मानते. पण जुन्या नोंदींत या नावाची एकाहून अधिक माणसे आहेत, कुणी रोमचा धर्मगुरू, कुणी तेर्नीचा बिशप. सम्राट क्लॉडियसने सैनिकांना लग्नाची बंदी केली आणि व्हॅलेंटाइनने चोरून त्यांची लग्ने लावली, ही सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट फार नंतरची आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर रोमन लोक लुपरकालिया हा सण करत आणि चर्चने त्याच्या जागी हा दिवस आणला, असेही सांगतात. अभ्यासक मात्र या दोहोंचा थेट धागा मान्य करत नाहीत. प्रेमाचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रज कवी चॉसरच्या एका दीर्घकाव्यात. त्यात या संताच्या दिवशी पाखरे आपापला जोडीदार निवडायला जमतात. पुढे एकोणिसाव्या शतकात छपाई आणि टपाल स्वस्त झाले आणि शुभेच्छापत्रांचा धंदा उभा राहिला. अमेरिकेत एस्थर हाउलँड नावाच्या तरुणीने १८४०च्या दशकाच्या अखेरीस लेस लावलेली कार्डे विकायला सुरुवात केली. आपल्याकडे हा दिवस १९९१ नंतरच्या खुल्या बाजारासोबत, कार्डांच्या दुकानांतून आणि दूरचित्रवाणीच्या नव्या वाहिन्यांतून आला.

खुद्द कॅथलिक चर्चने १९६९ साली आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून संत व्हॅलेंटाइनचा दिवस काढून टाकला, कारण त्याच्याविषयी खात्रीची माहिती नव्हती. २०२४ साली १४ फेब्रुवारीला राखेचा बुधवार आला. ख्रिस्ती माणसाच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा तो पहिला दिवस. म्हणजे ज्यांचा हा सण म्हणून सांगितले जाते, त्यांच्यातले भाविक त्या दिवशी कपाळावर राख लावून उपाशी होते. त्याच दिवशी वसंत पंचमीही होती आणि पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचे लग्न लागत होते.

म्हणून ‘हा ख्रिश्चनांचा सण आहे’ हे वाक्य अर्धेच खरे ठरते. नाव ख्रिस्ती आहे, मजकूर कवीचा आहे आणि आजचा थाट बाजाराचा आहे.

मुस्लिम धर्मपंडितांच्या आक्षेपाला मात्र एवढ्याने उत्तर मिळत नाही आणि तो आक्षेप नीट ऐकून घ्यायला हवा. टीव्हीवरच्या चर्चेत त्याची जी चेष्टा होते, तिच्यापेक्षा तो कितीतरी विचारपूर्वक मांडलेला आहे. देवबंदसारख्या संस्थांचे मुफ्ती साधारण तीन गोष्टी सांगतात. पहिली ‘तशब्बुह’ची, म्हणजे दुसऱ्या समाजाच्या खास धार्मिक खुणा उचलून त्यांच्यासारखे होण्याची. जो ज्या लोकांचे अनुकरण करतो तो त्यांच्यातलाच होतो, अशा आशयाची हदीस त्यासाठी पुढे ठेवली जाते. दुसरी गोष्ट सणांची. पैगंबरांनी मुसलमानांना दोन ईद दिल्या, त्यात आपण भर का घालायची? आणि तिसरी ‘हया’ची, लाजेची आणि मर्यादेची. लग्नाआधी स्त्री-पुरुषांनी एकांतात भेटू नये, हा नियम मोडायला हा दिवस निमित्त देतो, असे त्यांना वाटते. उधळपट्टीचा मुद्दा याला जोडून येतोच.

दुसऱ्या बाजूचे आलिमही आहेत. सौदी अरेबियात धार्मिक पोलीस कित्येक वर्षे फेब्रुवारीत दुकानांतून लाल गुलाब उचलायला लावत. २०१८ साली मक्केच्या याच दलाचे माजी प्रमुख अहमद अल-गामदी यांनी हा दिवस इस्लामविरोधी नाही, ती एक सामाजिक गोष्ट आहे, असे जाहीरपणे सांगितले आणि तिथे गुलाब उघड विकले जाऊ लागले. इजिप्तने तर काही दशकांपूर्वीच आपला वेगळा प्रेमदिवस ठरवला. मुस्तफा अमीन या पत्रकाराच्या कल्पनेतून आलेला हा दिवस ४ नोव्हेंबरला साजरा होतो. उलट मलेशियात २००५ साली राष्ट्रीय फतवा समितीने १४ फेब्रुवारी निषिद्ध ठरवली आणि पाकिस्तानात २०१७ साली इस्लामाबाद उच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी तो साजरा करण्यावर आणि माध्यमांतून दाखवण्यावर बंदी घातली. २०१९ साली फैसलाबादच्या कृषी विद्यापीठाने तो ‘भगिनी दिन’ म्हणून पाळायचे ठरवले. म्हणजे मुसलमानांचे ‘एक मत’ म्हणून जे सांगितले जाते ते मुळात एक नाहीच.

भगिनी दिन वाचून मराठी वाचकाला ओळखीचे काहीतरी आठवेल. आपल्याकडेही याच तारखेला ‘मातृ-पितृ पूजन दिन’ करण्याची टूम निघाली आणि छत्तीसगड सरकारने तो शाळांतून राबवला. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत कार्डांच्या होळ्या झाल्या, दुकानांच्या काचा फुटल्या. तेव्हाच्या घोषणा संस्कृतीच्या नावाने होत्या, फैसलाबादेतल्या घोषणा धर्माच्या. धाक मात्र दोन्हीकडे एकाच माणसाला होता. बागेतल्या बाकावर बसलेल्या पोरीला.

वऱ्हाडात याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये, व्हॅलेंटाइन डेच्या तोंडावर, अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वेच्या एका महिला महाविद्यालयाच्या मुलींकडून शपथ घेतली गेली. आपण प्रेमात पडणार नाही, प्रेमविवाह करणार नाही आणि हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, अशी ती शपथ. शेवटचे कलम चांगलेच होते. पण त्याच महिन्याच्या ३ तारखेला हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले होते आणि १० तारखेला तिने प्राण सोडले. पेटवणारा एकतर्फी प्रेमातून तिच्या मागे लागलेला होता. या घटनेने हादरलेल्या विदर्भात शपथ कुणाला दिली गेली? मुलींना. नकार मिळाल्यावर पेट्रोल घेऊन निघणाऱ्या पोट्ट्यांना कुणी उभे करून शपथ दिली नाही. हा प्रश्न तेव्हा राज्यभर विचारला गेला आणि तो रास्त होता.

याच अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचे माहेर. भावाने ठरवलेला शिशुपाल तिला नको होता. तिने स्वतः पत्र लिहिले, ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला धाडले आणि आपला वर निवडला. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला नेले, अशी इथली श्रद्धा आहे. वऱ्हाड ज्या लेकीला आई म्हणून पुजतो, तिची कथाच मुळी होकार आणि नकार यांची आहे. मुस्लिम घरांतही अशीच एक आठवण आहे. हजरत खदीजा यांनी मध्यस्थामार्फत स्वतः पैगंबरांकडे लग्नाचा निरोप पाठवला होता. त्या तेव्हा स्वतःचा व्यापार चालवणाऱ्या विधवा होत्या.

आणि मग बरीराची गोष्ट. बुखारींच्या हदीस-संग्रहात ती आहे आणि मदरशात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, पण फेब्रुवारीच्या बयानात ती क्वचितच ऐकू येते. बरीरा दासी होती, तिचा नवरा मुगीस हाही गुलाम. ती मुक्त झाली तेव्हा हे लग्न ठेवायचे की सोडायचे हा अधिकार तिला मिळाला. तिने सोडले. मुगीसचे तिच्यावर जिवापाड प्रेम होते. मदिनेच्या गल्ल्यांतून तो तिच्या मागे रडत फिरे आणि आसवे दाढीवर ओघळत. पैगंबरांना त्याची दया आली. त्यांनी बरीराला त्याच्याकडे परत जाण्याविषयी सुचवले. तिने विचारले, ही आज्ञा आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त रदबदली करतो आहे. मग मला त्याची गरज नाही, असे ती म्हणाली. गोष्ट तिथेच संपते. तिला कुणी बेअदब म्हटले नाही, तिच्यावर कुणी दबाव आणला नाही. पैगंबरांनी स्वतः शब्द टाकल्यावरही एका मुक्त झालेल्या दासीने नकार दिला आणि तो मानला गेला.

खन्सा बिन्त खिदाम यांची हकीकतही तिथेच आहे. वडिलांनी त्यांचे लग्न मनाविरुद्ध लावले, त्यांनी तक्रार केली आणि पैगंबरांनी ते लग्न रद्द केले.

या दोन कथा मशिदीच्या लाउडस्पीकरवरून ऐकल्या तर गावातल्या किती मुलींचे आयुष्य हलके होईल, याचा अंदाज कुठल्याही वऱ्हाडी मोहल्ल्यात राहिलेल्या माणसाला आहे. निकाहाच्या वेळी वकील आणि दोन गवाह आतल्या खोलीत मुलीला विचारायला जातात. नियम मोठा सुंदर आहे, तिच्या ‘कबूल’शिवाय निकाह होतच नाही. पण तोवर मांडव पडलेला असतो, बिर्याणीचे देग चढलेले असतात, पाहुण्यांनी अंगण भरलेले असते. बायका पाठीवर हात ठेवून ‘बोल बेटा’ म्हणतात. त्या क्षणी ‘नाही’ म्हणायची हिंमत कोणती पोट्टी करील? मेहेरची रक्कम वाचून दाखवली जाते, बरेचदा ती हातात पडत नाही. मुलीच्या बापाने दिलेला जहेज मात्र गाडीत भरून जातो, हे सगळा गाव बघतो. दुसऱ्यांचा सण उचलणे हे अनुकरण असेल, तर हुंडा हे त्याहून मोठे अनुकरण आहे. शरीयतने मेहेर बाईला द्यायला सांगितले, आपण उलटी गाडी चालवली. त्याविरुद्ध बोलणारे आलिम आहेत, त्यांची संख्या वाढायला हवी.

ज्याला १४ फेब्रुवारी पाळायची नाही त्याने पाळू नये. त्यामागे श्रद्धा असेल तर तिचा मान राखावा आणि अशा मुला-मुलीला वर्गात मागासलेले म्हणून हिणवू नये. ज्याला पाळायची आहे त्याच्या अंगावर कुणी धावून जाऊ नये. फतवा हे विचारलेल्या प्रश्नाला दिलेले मत आहे. त्याला कायद्याचे बळ नाही आणि तो कुणावर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१४च्या निकालात स्पष्ट केले आहे. संस्कृतिरक्षकांच्या काठीलाही कायद्याचे बळ नाही, हे पोलिसांनी दर फेब्रुवारीत दाखवून द्यायला हवे. परस्परांना भेट द्या, त्याने प्रेम वाढते, अशी पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. नवऱ्याने बायकोला त्या दिवशी एक गुलाब नेला तर त्या घरचा दीन, म्हणजे धर्म, बुडत नाही, असे या लेखकाचे मत आहे. मुफ्तीसाहेबांचे वेगळे असेल. त्यावर वाद व्हावा, मारामारी नको.

दोन भिन्नधर्मीय तरुणांनी एकत्र चहा घेतला म्हणून त्यांची गाडी अडवणारे, नावे विचारणारे, व्हिडिओ काढणारे लोक दोन्ही समाजांत आहेत. असे व्हिडिओ एकदा फिरले की पोरीचे शिक्षण थांबते आणि घाईघाईने ठरवलेल्या लग्नात तिला कुणी विचारतही नाही. पातूरहून, बाळापूरहून, बार्शीटाकळीहून अकोल्याच्या कॉलेजला एसटीने येणाऱ्या मुलींना याची सर्वांत जास्त झळ बसते. त्यांचा पास बंद झाला की त्यांचे जगच आखूड होते.

येत्या फेब्रुवारीतही बयान होतील, पत्रके निघतील. मौलानासाहेबांना विनंती एवढीच की गुलाब हराम की हलाल हे सांगायला वेळ द्यायचा तितका द्या, पण त्याच शुक्रवारी बरीराची गोष्ट पूर्ण सांगा, तिच्या शेवटच्या उत्तरासकट. देवळातल्या कीर्तनकारांनी रुक्मिणीचे पत्र सांगावे. महाविद्यालयांनी शपथ द्यायचीच असेल तर पहिल्या रांगेत मुलांना उभे करावे आणि नकार ऐकून घरी परत जाईन, एवढे त्यांच्याकडून वदवून घ्यावे. आणि निकाह लावणाऱ्या काझींनी मांडव पडायच्या महिनाभर आधी एकदा मुलीला एकटीला भेटून विचारावे.