उभे राहताच छाती धडधडते

बडोदे हे तालमींचे गाव, प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात स्वामी कुवलयानंद शिकले. अशा गावी, उभे राहताच घेरी येणाऱ्या नातीस आजी ‘आळस सोड, बैठका काढ’ म्हणते, यात नवल नाही. परंतु हा आळस नव्हे. ‘पॉट्स’ नामक या विकारात निजल्यावरून उठताच रक्त पोटात व पायांत साचते. रक्तदाब फारसा न उतरता 10 मिनिटांच्या आत नाडी मिनिटास 30, कुमारवयात 40 ठोक्यांनी वाढते. व्यायाम मात्र सोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने तो आडव्यानेच आरंभावा: पडल्या पडल्या पाय उचलणे, पोहणे, बसून वल्हविणे. उभ्याने व्यायाम काही महिन्यांनी. बैठका तोवर राहू द्याव्यात. आजींना हवे तर आमचे नाव सांगावे.