यंत्र वर्गात आले. सहकारी केव्हा येणार?

वर्गात यंत्र नेले की शिक्षण सुधारते, असे समीकरण मांडण्याचा मोह राज्यकर्त्यांना आजवर आवरलेला नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. १९८४ मध्ये ‘क्लास’ योजनेने निवडक शाळांत संगणक नेले. अलीकडे महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळा ‘डिजिटल’ झाल्या. त्यांपैकी कित्येक ग्रामस्थांच्या लोकवर्गणीतून. साधने बदलत गेली. ती वापरणाऱ्या शिक्षकाने शिकावे कोणाकडून, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याच्या कार्यामुळे. पुढे असे कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही आले. एका शिक्षकाची कल्पना इतक्या दूर जावी, ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु कोड लाखो प्रतींवर छापता येतो. चित्रफीत कोठे थांबवावी, तेथे कोणता प्रश्न विचारावा आणि ती मुळीच केव्हा लावू नये, हा विवेक छापता येत नाही. तो सहकाऱ्याचा वर्ग पाहून आणि त्यावर मोकळेपणाने बोलूनच अंगी येतो.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. आसपासच्या शाळांचे केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख आणि केंद्राची शिक्षण परिषद ही रचना राज्यात आहेच. मात्र परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते यांतच परिषदेचा वेळ सरला, तर अध्यापनाची चर्चा व्हायची केव्हा? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास प्रमाणपत्रांपुरतेच मोजले गेले, तर कागद पूर्ण होईल. वर्ग होता तेथेच राहील.

याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार ६० पटसंख्येपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात. त्यांतील एक दुसऱ्या शाळेत पाठ पाहावयास गेला, तर पाचही इयत्ता उरलेल्या एकाच्या गळ्यात पडतात. म्हणूनच अशा दिवसापुरती पर्यायी व्यवस्था करणे हे प्रशासनाचे कर्तव्य ठरते; तो शिक्षकावरील उपकार नव्हे.

प्रत्येक परिषदेत एका शिक्षकाने प्रत्यक्ष मुलांसमोर पाठ घ्यावा, इतरांनी तो पाहावा आणि नंतर एकच प्रश्न चर्चेला घ्यावा: हे साधन नसते, तर मुलांचे नेमके काय शिकायचे राहिले असते? या चर्चेचा अहवाल वर मागवू नये. गुणांकन तर मुळीच करू नये. परीक्षकासमोर आपली अडचण कोणी उघड करीत नाही, सहकाऱ्यासमोर करतो. यंत्रांवर खर्च करणाऱ्या शासनाने शिक्षकांना एवढा विश्वास आणि एवढा वेळ दिला नाही, तर महागडा पडदाही जुन्या फळ्याचेच काम करील.