मुदत कुणासाठी थांबत नाही



पोलादपूर तालुक्यातल्या एका ताईंनी भेटून विचारलेला प्रश्न आज घेत आहे. मुलीच्या लग्नासाठी पै-पै करून साठवलेले चाळीस हजार रुपये त्यांनी नात्यातल्या एका गृहस्थाला हातउसने दिले. साध्या कागदावर चिठ्ठी झाली, खाली त्याची सही. परतीची तारीख लिहिली नाही. मागायला गेले की उत्तर एकच, "पुढच्या दिवाळीला देतो." अशा तीन दिवाळ्या गेल्या, चौथी तोंडावर आली. ताई म्हणाल्या, "भाऊ, चिठ्ठी आहे माझ्याकडे. मग पैसे कुठे जातात?"

चिठ्ठी आहे, पण मुदत गेली. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे हातउसन्या पैशांचा दावा, पैसे दिले त्या दिवसापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी कोर्टात लावावा लागतो. तोंडी वायद्याने मुदत वाढत नाही. भावकीची बैठक, पोलिसांतला अर्ज, वकिलाची नोटीस, यांपैकी कशानेही ती थांबत नाही. मात्र मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने "एवढे देणे आहे" असे लिहून सही केली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. थोडी रक्कम देऊन तसे सहीनिशी लिहून दिले तरीही मिळतात. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा चालतो.

प्रत्येक तक्रारीची मुदत वेगळी. आपली जमीन कुणी आपली म्हणून बळकावली, तर ताब्याच्या दाव्याला बारा वर्षे. बिघडलेला फ्रीज दुकानदार बदलून देत नसेल, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षे. महामार्ग तर महाड-पोलादपुरातूनच जातो. वाहन अपघाताच्या भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत करावा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आहे. दुःखाच्या घरात सहा महिने कधी सरतात ते कळत नाही, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आठवण द्यावी.

कोर्टात काळाचा हिशेब पुराव्यानेच होतो, हे महाडकरांना नव्याने सांगायला नको. चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून सर्वांना खुले केले होते. तरी १९२७ च्या सत्याग्रहानंतर सनातन्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेब व सहकाऱ्यांवर दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. बाबासाहेबांनी तो पाळला आणि लढाई कोर्टात नेली. ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला गेला. ठाण्याच्या अपिलातही सनातनी हरले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. "अनादि काळ" त्यांना शाबीत करता आला नाही. जवळजवळ दहा वर्षे आपल्या माणसांनी ही लढत सोडली नाही.

आणि आपण? नात्यात कागद कसा मागायचा, म्हणून गप्प बसतो. संकोच आपला, फायदा दुसऱ्याचा.

ताईंसाठी एक वाट अजून उघडी आहे. मुदत गेली तरी देणे खोटे ठरत नाही, फक्त कोर्टाचे दार बंद होते. त्या गृहस्थाने "हे जुने देणे मी देईन" असे नव्याने लिहून सही केली, तर करार कायद्याप्रमाणे त्या वचनावर दावा लावता येतो. नुसते "देणे होते" एवढे पुरत नाही, "देईन" हा शब्द हवा. त्याने सही दिली नाही, तर कोर्ट काही करू शकणार नाही, हेही ताईंना स्पष्ट सांगितले.

वकिलाच्या खर्चाला भिऊ नका. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेले अनुसूचित जातीचे बांधवही त्यात येतात. जातीचा दाखला व आधारकार्ड बरोबर न्या.

या रविवारी विहारातून घरी आलात की ट्रंक उघडा. चिठ्ठ्या, पावत्या, करारपत्रे बाहेर काढा आणि प्रत्येकीवरची तारीख मोठ्याने वाचा. घरातल्या शिकलेल्या मुलीला त्या एका वहीत उतरवायला सांगा.