उभी गाडी, गळतं तेल आणि आपण इंजिनिअर!



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. ‘एकोणसत्तर’ म्हणजे नक्की किती, यावर मी अजूनही दोन सेकंद अडतो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण विषय असा आहे की तो इंग्रजीत लिहिला असता तर आमच्या चिचगडला कुणी वाचला नसता, आणि खरं तर तो तिकडेच घडला.

माझ्या रूम पार्टनरच्या भिंतीवर एका लाल स्पोर्ट्स कारचं पोस्टर आहे. तिचा टॉप स्पीड, हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर किती सेकंदात, हे सगळं त्याला पाठ. मी एकदा विचारलं, “ही गाडी चार महिने उभी ठेवायची असेल तर काय करायचं?” तो म्हणाला, “कव्हर टाकायचं.” आम्ही हसलो. तेव्हा मलाही याहून जास्त काही माहीत नव्हतं.

थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. मिठाने पत्रा गंजतो. म्हणून तिकडचे हौशी लोक आपली स्पोर्ट्स कार हिवाळाभर गॅरेजमध्ये झोपवतात. आपल्याकडे तो प्रश्न नाही, असं वाटतं ना? पण आपल्या हॉस्टेलच्या शेडमध्ये सुट्टीत दोन-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाड्या मोजा. गोंदिया जिल्ह्यात तर जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. तोच आमचा ‘विंटर’!

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी बाबांचा पाय मोडला. मी हॉस्टेलला. घरची शंभर सीसीची फोर स्ट्रोक गाडी पडवीत उभी राहिली, तीही साइड स्टँडवर. मी फोनवरून शेजारच्या मुलाला मोठ्या ऐटीत सांगितलं, “दर रविवारी पाच मिनिटं सुरू करत जा, म्हणजे इंजिन मोकळं राहील.” बिचाऱ्याने पाच महिने हे काम इमानेइतबारे केलं.

दिवाळीत घरी गेलो तर आईने सारवलेल्या पडवीत गाडीखाली ताटाएवढा काळा डाग. आई म्हणाली, “कितीदा सारवलं, तेल काही जात नाही.” मी म्हटलं, “अगं, जुन्या गाडीतून थोडंफार गळतंच!” तरी मेकॅनिकलचा विद्यार्थी ना, डिपस्टिक काढून पाहिली. तेल बरोबर खुणेपर्यंत होतं. झालं, समाधान! भाऊबीजेला आत्याला आणायला देवरीला निघालो. जंगलातल्या रस्त्यावर इंजिनने आधी खर्रर्र केलं आणि मग गप्पकन जाम झालं. मोबाइलला रेंज नाही. अर्ध्या तासाने एक ट्रॅक्टरवाला भेटला, त्याच्या ट्रॉलीत गाडी टाकून देवरी गाठली.

मिस्त्रीने ड्रेन बोल्ट खोलला, बोट बुडवलं, वास घेतला आणि म्हणाला, “बाबू, हे तेल नोहे, ताक होय!”

खरंच ताक होतं. पांढरट, पातळ, पेट्रोलचा वास येणारं. बिल झालं साडेसहा हजार. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. म्हणजे आमचं जवळजवळ तीन क्विंटल धान माझ्या हुशारीने खाल्लं. बाबा एवढंच म्हणाले, “उभ्या गाडीले का होते बा?”

या साध्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. सेकंड इयर पास असून! ऑटो सायकल, डिझेल सायकल, पीव्ही डायग्राम सगळं झालं होतं. म्हणून नंतर वर्कशॉपमधल्या सरांना विचारून, थोडं वाचून जे समजलं ते इथे देतोय.

पहिली गोष्ट म्हणजे ती पाच मिनिटं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. विश्वास बसत नसेल तर ऑक्टेनच्या ज्वलनाचं समीकरण मांडून बघा. तापलेल्या इंजिनमधून हे पाणी वाफ होऊन निघून जातं. थंड इंजिनमध्ये मात्र त्यातलं थोडं रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरतं आणि तिथेच राहतं. पाच मिनिटांत तेल पुरेसं तापतच नाही. सायलेन्सरमध्येही पाणी साचतं, तो आतून गंजतो. म्हणजे आपण दर रविवारी इंजिन मोकळं करत नव्हतो, त्याला पाणी पाजत होतो! वर पेट्रोलचा कॉक उघडाच. कार्ब्युरेटरची निडल नीट बसत नव्हती, त्यामुळे पेट्रोल झिरपत सिलिंडरमधून तेलात आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे गळती. शाफ्टवरच्या ऑइल सीलची रबरी कड तेलाच्या पातळ थरावर जगते. गाडी उभी राहिली की ती कड सुकते, कडक होते. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि तेल त्याच बाजूच्या सीलवर भार देत बसतं. आमची गळती तिथूनच होती. हिशोब करा. तासाला फक्त एक थेंब धरा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर पाच महिन्यांत १८० मिलिलिटर! आणि या गाडीत मुळात तेल लिटरभरही नसतं.

आता गंमत बघा. खालून तेल जात होतं, वरून पाणी आणि पेट्रोल येत होतं. म्हणून डिपस्टिकवर पातळी बरोब्बर! मी पातळी बघितली. रंग बघितला नाही, वास घेतला नाही. परीक्षेत उत्तराचा आकडा जुळला की स्टेप्स कोण बघतो? तसंच झालं.

‘थोडंफार गळतंच’ हे वाक्य मात्र जगभर चालतं. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मालक तर त्यावर विनोद करतात. त्यामागेही कारण आहे. त्यातल्या अनेक इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतं, शाफ्टवर आटे पाडलेले असत. शाफ्ट फिरला की ते आटे तेल आत ढकलतात. फिरायचं थांबलं की ढकलणारं कुणी नाही! पोर्शेच्या ९११ मध्ये १९९८ पर्यंत हवेने थंड होणारं, आडव्या सिलिंडरचं इंजिन होतं. बरेच दिवस उभी राहिली की थोडं तेल सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सुरू करताना निळा धूर निघतो. म्हणजे कुठली गळती स्वभावाची आणि कुठली आजाराची, हे ओळखता आलं पाहिजे. न बघताच ‘चालतं’ म्हणणं म्हणजे निदान नव्हे, आळस आहे.

मग करायचं काय? गाडी उभी करण्याआधी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून गरमागरम असतानाच तेल बदला. जुन्या तेलात आम्ल साचलेलं असतं, ते महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसू देऊ नका. (काढलेलं तेल डब्यात धरा, नालीत ओतू नका!) कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करा. टाकी पत्र्याची असेल तर काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चार थेंब तेल सोडा आणि दोन किक मारा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी डबल स्टँडवर लावा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा, उंदीर फार हुशार असतात. आणि हँडलला चिठ्ठी बांधा, ‘चिंधी काढणे’! गाडीखाली पुठ्ठा ठेवा. परत आल्यावर आधी पुठ्ठा वाचायचा, मग डिपस्टिक. पातळी, रंग, वास, तिन्ही. मधल्या काळात सुरू करायचीच असेल तर अर्धा तास नीट चालवून आणा, नाहीतर तिला निवांत झोपू द्या.

काही मित्र म्हणतील, “हे मिस्त्रीचं काम आहे यार, आपण डिझाइन करणार.” माझं मत उलट आहे. ज्याला सील का सुकतं ते माहीत नाही, तो सील डिझाइन काय करणार? वास घेऊन एका मिनिटात निदान करणाऱ्या त्या मिस्त्रीकडे डिग्री नाही. आपल्याकडे डिग्री येईल, पण ते नाक नाही. दोन्ही एका माणसात का असू नयेत?

म्हणून आपल्या स्टाफला एक नम्र विनंती. सुट्टी लागण्याआधीची एक दुपार वर्कशॉपमध्ये द्या. ज्याची त्याची गाडी, ज्याचे त्याचे हात. मार्क नकोत, सबमिशन नको. आणि आपल्या वॉचमन काकांना ‘रोज जरा सुरू करा’ म्हणून किल्ली देणं बंद करू या. त्यांचा काही दोष नाही, चुकीचा सल्ला आपलाच आहे.

आमच्याकडे एसटी चुकली की मोटारसायकलच आधार. त्या दिवशी मी आत्याला आणायला एकटाच निघालो होतो. मागे तापाने फणफणलेलं कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच नशीब.

या दिवाळीत बाबांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पुठ्ठा दाखवला, कोरडा होता. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मंग कालेजात काही तरी शिकवतेत म्हनाचं!”

बघा, पटतंय का!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी